मिठूच्या आवाजावरचं पांघरूण

मी एको बोलतोय... बोलतोय... बोलतोय.

माफ करा, खोड आहे ती. कोणी काही म्हटलं की शेवटचे शब्द दोन-तीनदा घोळवल्याशिवाय मला राहवत नाही. तसा मी दिसायला काही खास नाही. पाठ्यपुस्तकाएवढा पत्र्याचा निळा डबा, वर फिरवायची बटणं आणि एक लाल दिवा. माइकची वायर माझ्या एका कानातून आत शिरते आणि दुसऱ्या कानातून स्पीकरकडे जाते. मधल्या मधे मी आवाज घुमवतो. रिकाम्या खोलीत हाक मारल्यावर घुमतो ना, तसा.

आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. स्क्रूड्रायव्हर नुसता दिसला तरी माझा लाल दिवा फडफडतो. या हकिकतीत मी पदोपदी घाबरणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. ओळीने बसलेल्या बायका गप्पा मारत गरम सळईने आमच्या पोटातल्या तारा जोडत होत्या. एकीच्या सासूचं गाऱ्हाणं अर्धवट राहिलं आणि मी पुढच्या टेबलावर गेलो. तिथे एक माणूस माइकमध्ये खेकसला, "हॅलो!" मी असा काही दचकलो की "हॅलो, हॅलो, हॅलो" करत सुटलो. तो म्हणाला, "पास." घाबरल्याबद्दल शाबासकी मिळालेला जगात मी एकटाच असेन.

माझा पहिला मालक जादूगार होता. स्टेजवर तो काळा झगा घालून "मी आता अदृश्य होणार!" म्हणायचा तेव्हा पहिल्या रांगेतली मुलं आईच्या मांडीत तोंड खुपसायची. त्यांना काय ठाऊक, झग्यातला माणूसही त्यांच्याइतकाच घाबरलेला असायचा! तो बोलताना अडखळायचा. "मी... मी... मी" व्हायचं त्याचं, आणि लोकांना वाटायचं ती माझी करामत आहे. तेव्हाच मला कळून चुकलं की माझ्या वाट्याला लपणारी माणसं येणार. जादूगार थकला, मी कपाटात गेलो, तिथून जुन्या सामानाच्या दुकानात. दुकानाच्या काचेआड माझ्या शेजारी एक तुटका पंखा होता. एके दिवशी त्याला पोत्यात भरून भंगारात नेलं. त्या पोत्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

मग मिठू आली.

मिठू म्हणजे गाणारी मुलगी. लहानपणी अखंड बडबड करायची म्हणून तिच्या दादाने हे नाव ठेवलं. पण दुकानात आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आदल्याच आठवड्यात ती पहिल्यांदा स्टेजवर गायली होती, वरचा सूर लावताना आवाज चिरकला होता, आणि अंधारातून कोणीतरी खुदकन हसलं होतं. बस, एवढंच. हसणारा घरी जाऊन जेवून झोपलाही असेल. हिने मात्र ते हसू उराशी धरून ठेवलं.

तिने माझ्यातून गाऊन पाहिलं, माझं मोठं बटण हळूहळू फिरवत नेलं, आणि शब्द एकमेकांत विरघळून गेले. चिरकलेला सूरसुद्धा त्या घुमण्यात छान वाटला. तिचा चेहरा उजळला. "हाच पाहिजे," ती म्हणाली. घरी जाऊन बटण जिथे थांबवलं होतं तिथे तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. मला कोणीतरी कुंकू लावल्यासारखं वाटलं.

त्यांचा बँड एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत जमायचा. खालून वाफ येई, त्यामुळे फरशी कायम कोमट. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला जुनी गोधडी ठोकलेली. चौघे जण होते. मिठू पुढे माइकपाशी. तिचा सख्खा दादा मागे ड्रमवर. बासवर लंबू, जो दारातून येताना रोज कपाळ आपटून घ्यायचा आणि रोज दाराला शिवी द्यायचा. आणि गिटारवर पंडित. पंडित हे त्याचं खरं नाव नव्हे, पण कशावरही व्याख्यान देतो म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

या पंडितानेच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'आमची गाणी कळायची नसतात, जाणवायची असतात.' बँडचा नियमच होता तो. गाण्याचा अर्थ विचारायचा नाही. शब्द मिठू लिहिणार, मिठू गाणार, बाकीच्यांनी वाजवायचं. एकदा लंबूने भीत भीत विचारलं, "हे जरा कशाबद्दल आहे गं?" तर पंडित अर्धा तास बोलला. त्यानंतर लंबूने जन्मात विचारलं नाही.

मिठूला तर हे फारच सोयीचं होतं. नियमाच्या आड ती आणि तिच्या शब्दांवर मी, पांघरुणासारखा. छोट्या छोट्या हॉलमध्ये लोक डोळे मिटून डोलायचे. कोणी हसत नव्हतं. मला वाटलं, चला, बरं चाललंय. आता सुखाचे दिवस आले.

पण मी ज्या कोपऱ्यात होतो, तिथून मला दादा दिसायचा.

दादाच्या कानांत कार्यक्रमानंतर बारीक शिट्टी वाजत राहायची. ड्रम वाजवणाऱ्यांना होतं तसं. कुठल्याशा कार्यक्रमात एक म्हातारा ड्रमवाला त्याला बोलून गेला, "आधी शब्द जातात बाळा. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. मग हळूहळू सगळंच जातं." झालं. त्या दिवसापासून दादा मिठूच्या गाण्यात शब्द शोधू लागला. ते काही केल्या सापडेनात. सापडणार कसे? मी बसलो होतो ना त्यांच्यावर!

त्याने कोणाला विचारलं नाही. काय विचारणार? 'तुम्हाला कळतं का रे?' म्हटलं की अर्थ विचारल्यासारखं झालं. आणि समजा सगळे म्हणाले, "हो, कळतं की," तर? त्या 'तर'ला तो भयंकर घाबरला होता. बाकीचे माना डोलवत वाजवतात, म्हणजे त्यांना कळत असणार, फक्त आपल्यालाच कळत नाही, असं त्याने मनाशी धरलं.

सगळे निघून गेले की तो मनगटावरचं घड्याळ काढून आधी या कानाला लावायचा, मग त्या कानाला. चेहरा पांढराफटक. एकदा तो माझ्या माइकसमोर आला. माझा दिवा चालूच राहिला होता. तो हलकेच म्हणाला, "हॅलो... मला ऐकू येतंय का?"

मी काय करणार हो? मला स्वतःचा शब्द नाही. 'अरे वेड्या, तुझे कान चांगले आहेत, बटण फिरव!' असं ओरडायला माझा जीव तडफडत होता. पण तोंडातून निघालं ते एवढंच: "येतंय का... येतंय का... येतंय का..."

तो दचकून मागे सरला आणि दिवा बंद करून निघून गेला.

मग तो गप्प होत गेला. घरी मिठूने काही म्हटलं की नीट ऐकू आलं तरी "काय म्हणालीस?" करायचा. स्वतःवरचा भरवसाच उडाला होता त्याचा. ती गात असली की मान खाली घालून ड्रमकडे बघत राहायचा. पूर्वी ती मागे वळली की तो डोळा मारायचा. आता वळली की त्याचा नुसता भांग दिसायचा.

आणि मिठूने याचा काय अर्थ लावला असेल? तिला वाटलं, आपण वाईट गातो आणि दादाला आपली लाज वाटते. तिने घरी गुणगुणणंसुद्धा सोडलं. आणि माझं बटण लाल ठिपक्याच्या पुढे सरकवलं. शब्द आणखी पुसट झाले. दादा आणखी घाबरला, आणखी खाली बघू लागला. मिठूने बटण आणखी पुढे नेलं. बघा, कसा गुंता झाला तो! दोघं एकमेकांच्या जिवाची, एका खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि मधे मी. माझ्या अंगाला कापरं भरायचं आणि लोकांना वाटायचं, वा, काय घुमतोय!

त्याच सुमारास तिने एक नवं गाणं लिहिलं. त्याचे शब्द माझ्याकडे कोरडे यायचे, घुमण्याच्या आधी, त्यामुळे मला एकट्याला ते कळायचे. ऐकून माझी बोबडीच वळली. ते दादासाठी होतं.

अशात अल्बमचं ठरलं. त्यांचा पहिला अल्बम. जी कंपनी काढणार होती तिने एकच अट घातली: जरा सोपं करा, चार लोकांना कळेल असं. पंडित उसळला. "सोपं म्हणजे सपक! आपण विकले गेलो!" लंबू म्हणाला, "अजून विकत कोण घेतंय आपल्याला?" मिठू माझी वायर गुंडाळू लागली. दादाने काड्या पिशवीत भरल्या. पण सगळे गेल्यावर ड्रमवर कापड टाकता टाकता तो स्वतःशीच पुटपुटला, "एवढा अल्बम होऊ दे. मग सांगून टाकतो, मी सोडतोय."

माझ्या काळजात चर्र झालं. दादा गेला असता तर मिठूने काय समजून घेतलं असतं, सांगायला नको. ती पुन्हा कधी गायलीच नसती.

रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. जाड चष्मा, पायांत कापडी सपाता. ऐकताना त्या लोकर विणायच्या. सुया चालू आहेत तोवर ठीक. सुया थांबल्या की सगळ्यांचे श्वास थांबायचे. मिठू आणि मी काचेच्या खोलीत होतो. बाकीची मंडळी काचेपलीकडे बाईंच्या मागच्या सोफ्यावर. वाजवायचं काम झालं होतं, आता फक्त मिठूचा आवाज भरायचा होता. काचेच्या दाराची फट राहिली होती म्हणून मला पलीकडचं ऐकू येत होतं. मिठूच्या कानांवर हेडफोन होते, तिला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं.

ते नवं गाणं लागलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. सुया थांबल्या.

"दुसऱ्या कडव्यात ही काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

पंडित घसा खाकरून म्हणाला, "बाई, आमची गाणी कळायची नसतात, जाणवायची असतात."

"बरं. मग तुला काय जाणवलं?"

पंडिताने वर छताकडे पाहिलं. "एक प्रकारचं... तुटलेपण."

"आणि तुला?"

लंबू ओशाळून म्हणाला, "मला वाटलं समुद्राबद्दल आहे. आवाजच तसा येतो ना."

"तू तर सख्खा भाऊ," बाई दादाकडे वळल्या. "तुला तरी कळतं ना?"

दादाच्या कपाळावर घाम आला होता. इतके दिवस ज्या प्रश्नापासून पळत होता तो समोर उभा ठाकला होता. पण तो बाईंकडे बघतच नव्हता. तो लंबूकडे बघत होता.

"थांब. तुला कळत नाही?"

"काय?"

"मिठूचे शब्द. तुला कळत नाहीत?"

"छे! कोणाला कळतात? मी इतकी वर्षं समुद्र समजून वाजवतोय."

"पंडित, तुला?"

पंडिताने चष्मा काढून पुसला. "तसं अगदी शब्दशः म्हणशील तर... नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "आणि माझं तर पोट कानांवर चालतं."

दादा आळीपाळीने तिघांकडे बघू लागला. मग हसत सुटला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, सोफ्यावरून खाली घसरून फरशीवर बसून हसला.

आणि हे काचेतून मिठूने पाहिलं.

तिला ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. आपण गातोय आणि दादा लोळून हसतोय. तिचा हात माझ्याकडे आला आणि तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं, पार टोकाला. ती रडत होती आणि तिचा प्रत्येक हुंदका मी चौपट करून खोलीभर पसरवत होतो. देवाशप्पथ सांगतो, तेव्हा मला वाटलं, यापेक्षा पोत्यात गेलेलं बरं.

बाई आत आल्या. मिठूने हेडफोन उतरवले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आधी हे बंद कर."

"याच्याशिवाय मला गाता येत नाही," मिठू म्हणाली. मी लगेच "येत नाही... येत नाही..." मला स्वतःचीच लाज वाटली.

"मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "डबा तुझा आहे. तूच ठरव."

त्यांच्या मागून दादा आत आला. डोळे अजून ओले. "मिठू, एकदा याच्याशिवाय गा ना."

"कशाला? आणखी हसायला?"

"अगं, तुला नाही हसलो. स्वतःला हसलो. नंतर सांगतो, आधी गा. मला ऐकायचंय."

"ऐकून काय करणार आहेस? खालीच बघणार ना?"

दादाचा चेहरा एकदम उतरला. आपण मान खाली घालतो ते हिला दिसत असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला. "नाही बघत खाली. शपथ."

मिठूची बोटं माझ्या बटणावर आली. गार पडली होती. मी मनात म्हणालो, नको गं, त्याला कळेल सगळं, मग काय होईल? मला माझीही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? ज्या डब्याला काम नाही त्याचं काय होतं ते मी पाहिलं होतं. बटण मागे मागे येत गेलं. लाल ठिपका गेला. शून्य आलं. दिवा चालू, मी जागा, पण तोंडात बोळा कोंबलेला.

मिठू गायली.

केवढासा आवाज तो! कोरडा, कापरा, शाळेत उभं राहून कविता म्हणणाऱ्या मुलीसारखा. आणि शब्द एकेक करून बाहेर पडले:

*तू मागे बसतोस, मी पुढे उभी,*
*मधे हा एवढा आवाज.*
*वळून बघते, तू खाली बघतोस,*
*रुसलास का रे, सांग ना आज.*

*वाईट गाते तर वाईट म्हण,*
*पण काहीतरी म्हण...*

वरच्या सुराला आवाज चिरकला. अगदी त्या पहिल्या दिवसासारखा. तिने डोळे गच्च मिटून घेतले, हसू ऐकायला तयार असल्यासारखं. मी असतो तर झाकलं असतं. पण मी नव्हतो.

कोणी हसलं नाही. माइक चालू होता, पलीकडे रेकॉर्डिंगची टेप फिरत होती, आणि कोपऱ्यातून दादा म्हणाला, "ऐकू येतंय."

मिठूने डोळे उघडले. दादा तिच्याकडेच बघत होता. गालांवरून धारा लागल्या होत्या.

"मिठू, अगं मला वाटलं माझे कान गेले. तुझा एक शब्द कळत नव्हता मला. म्हणून बघत नव्हतो. मी बँड सोडणार होतो."

मिठू एक पाऊल पुढे आली. "आणि मला वाटलं तुला माझी लाज वाटते."

"लाज? तुझी?"

"मग सांग की, वाईट गाते का मी?"

दादाने बाहीने नाक पुसलं. "वर थोडी बेसूर गेलीस."

"दादा!"

"कळलं ना पण मला! बेसूर गेलेलं कळलं!" आणि मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून जी रडली आणि हसली, त्याचं वर्णन माझ्याच्याने होणार नाही. काचेपलीकडे लंबू उठून उभा राहिला आणि त्याने टांगत्या दिव्यावर कपाळ आपटून घेतलं. बाईंनी सुया पुन्हा हातात घेतल्या.

त्यानंतर दादा कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आला, मिठू सोबत गेली. डावा कान किंचित कमी आहे म्हणे, आता तो वाजवताना कानांत बोळे घालतो. अल्बम निघाला. सोपा आहे तो, माझ्याशिवायचा. बहुतेक सगळ्या गाण्यांतून मला काढून टाकलं. लोक बरोबरीने गातात म्हणे, शब्द न शब्द. मिठूच्या आईने घरी ऐकलं आणि पहिलंच विचारलं, "हे तू दादाला बोलतेयस होय गं?" काही जुने ऐकणारे रागावलेही, पूर्वीची जादू गेली म्हणाले. पंडित आता सगळ्यांना सांगतो की सोपेपणाची कल्पना मूळची त्याचीच. भिंतीवरची ती ओळ त्यानेच अंड्याच्या ट्रेने झाकली.

मी लाँड्रीवरच्या त्याच खोलीत आहे, फळीवर, चहाच्या कपांशेजारी. अंगावर धूळ आहे, ठिपका अजून आहे. जिन्यावर कोणी पोतं ओढत आणलं की आजही मी जीव मुठीत धरून बसतो. बहुतेक वेळा ती लाँड्रीची गाठोडी असतात. पण कोण सांगावं?

तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं डबडं असेल, तर एवढंच मागणं आहे. त्याला फेकू नका. आणि त्याच्या आड फार दिवस राहूही नका. पलीकडचा माणूस तुमच्याहून जास्त घाबरलेला असतो, मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आणि हो, अल्बम ऐकलात तर शेवटचं गाणं संपल्यावर लगेच उठू नका. मिठूने मला तिथे ठेवलंय. स्वतःच्या हाताने बटण फिरवलं तिने, अगदी ठिपक्यापर्यंत, पण तिच्या आवाजासाठी नाही. वाद्यं थांबतात, ती थांबते, आणि कोपऱ्यातून दादा म्हणतो, "ऐकू येतंय." मग माझी पाळी येते. त्या दिवशी लाँड्रीवरच्या खोलीत त्याने विचारलं होतं, तेव्हा जे मला सांगता आलं नव्हतं, ते मी आता घरोघरी सांगतो.

येतंय... येतंय... येतंय.